डावऱ्या हाताची कुंची

फार मागे, ज्या काळच्या राजांची नावंही आता कुणाला आठवत नाहीत, तेव्हा एका थंडगार डोंगरमुलखात एक गाव होतं. तिथल्या बायका एक व्रत करत. घरातलं लेकरू दुखण्यातून उठलं, की देवीच्या मंडपात बसून त्याच्यासाठी लोकरीची कुंची विणायची. पहिल्या टाक्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत मौन. मध्ये शब्द निघाला, तर सगळं उसवून पुन्हा सुरुवात.

चिमाक्का अशीच बसली होती. घाटापलीकडे दिलेल्या तिच्या लेकीचं बाळ तापातून वाचलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याचं बारसं होतं आणि घाटाकडची बैलगाडी दिवस मावळताना सुटायची. त्या गाडीतून कुंची जायलाच हवी होती.

चिमाक्का डावरी. धागा मानेमागून घ्यायची आणि डाव्या हाताने विणायची, तिच्या आईसारखी.

देवळात येणारी एकेक बाई थांबायची.

"अगं बाई, देवीच्या दारात डावा हात?"

"धागा गळ्यात कसला घालतेस? फास बसेल हो!"

चिमाक्काचे कान तापत. ती मुकाट सुया चालवत राही.

गोदूकाकू तर तिच्या शेजारी ठाणच मांडून बसल्या. "सुई अशी धरायची, चिमे. करंगळी आत. माझ्या सुनेलाही मीच वळण लावलं."

चिमाक्काने डोळे वटारले.

"बघा, कशी ऐकतेय! एक शब्द उलटून बोलत नाही. नाहीतर माझी सून!"

बायका खळखळून हसल्या. मला सांगा, मौन कशाचं आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं का? होतं, प्रत्येकीला होतं.

चिमाक्काने विणायचा वेग वाढवला. तिने दात आवळले. टाळूवरची एवढीशी वीण उरली होती.

"आण इकडे, करूनच दाखवते," म्हणत काकूंनी तिच्या हातातून विणकाम ओढलं. सुई सुळकन निघाली. टाके भराभर सुटत गेले.

"हात लावू नका!" चिमाक्का किंचाळली. मंडप दणाणला.

"अगं, मौन मोडलंस की!" काकूच म्हणाल्या.

"मोडलं! विचारलं होतं का मी तुम्हाला? सकाळपासून तोंड बांधून बसले, ते तुमचं ऐकायला नव्हे. माझ्या नातवासाठी!"

बाहेर गाडीवानाने हाक दिली आणि बैल हलले.

ते लेकरू शेजारणीच्या उसन्या कुंचीत पाळण्यात गेलं. लेक दाराकडे बघत राहिली. इकडे चिमाक्काने सगळी कुंची उसवली. राग काही उसवला नाही.

पुढे एका सकाळी ती पुन्हा मंडपात आली. गोदूकाकू खाली मान घालून समोर उभ्या राहिल्या. पहिला टाका अजून पडायचा होता, म्हणून चिमाक्का बोलली.

"बसायचं तर बसा, काकू. पण हात पदराखाली आणि तोंड देवीकडे."

काकू बसल्या. जरा वेळाने कुणीतरी वाकून म्हणालं, "अगं, हा डावा हात..." काकूंनी तिच्याकडे असं पाहिलं, की ती बाई अंगारा न घेताच निघून गेली.

कुंची पुरी झाली, पुढच्या गाडीने गेली, बाळाच्या डोक्यावर छान बसली. बारसं मात्र पुन्हा आलं नाही.

म्हणून लहानथोरांनो, समोरचं माणूस गप्प आहे, एवढ्यावरून त्याला आपला सल्ला हवा आहे असं कधी धरून चालू नये.