एका दाव्याचे चार बैल

फार मागची गोष्ट. माळावरच्या खळ्यात मळणीला चार बैल एकाच दाव्याने बांधायचे, कणसं खाऊ नयेत म्हणून तोंडाला मुसकी घालून. नवा बैल मधल्या खांबाजवळ, मग दर सुगीला एकेक जागा बाहेर, अशी तिथली रीत. आतल्याला चालणं थोडं, बाहेरच्याला जीव जाईस्तोवर.

सगळ्यात बाहेर म्हातारा खैऱ्या होता. "एकाचा पाय अडला की चौघांनी थांबायचं," हे त्यानंच शिकवलेलं. एकदा चौघे असे थांबले, आसूड खाल्ले, पण हलले नाहीत. तेव्हा कुठं दुपारचं पाणी मिळू लागलं.

एका सुगीत खैऱ्याचा खूर फाटला. चौघे थांबले. धनी आसूड ठेवून खांबाजवळच्या हरण्याकडे आला, त्याची मुसकी काढली, मान खाजवली. "तू शहाणा. चल बघू."

"हरण्या, हलू नको रे," खैऱ्या कळवळला.

"दोनच फेऱ्या, दादा," हरण्या भरल्या तोंडानं बोलला आणि चालू लागला. ते पाहून मधल्या दोघांचा धीर सुटला. खैऱ्या फरफटत गेला, तो उठलाच नाही. दुसऱ्या दिवसापासून दुपारचं पाणीही बंद.

सुग्या गेल्या, मधले दोघे गेले. हरण्या सरकत सरकत बाहेर आला, मुसकी परत तोंडावर. एका दुपारी त्याचाही खूर फाटला.

"थांबा रे पोरांनो!"

खांबाजवळच्या नव्या बैलाला धनी आता मुसकी घालतच नसे. त्यानं कणीस चावत मागं पाहिलं.

"थांबायचं म्हणजे काय, काका?"

आणि दावं ताणलं गेलं.