मधखाऊ

राजा दोब्रोमिरच्या निशाणावर अस्वल होतं. करापोटी गावाचा सगळा मध घेऊन म्हातारी ज्लाता दरबारात आली, तेव्हा तो मधाच्या वाटीत बोटं बुडवून गरजत होता, “रशियनांपासून सर्बांपर्यंत स्लाव लोक या बलाढ्य जनावराला मेदवेद म्हणतात. मेदवेद म्हणजे मधखाऊ! त्याला धड नाव का नाही?”

दरबारातले पंडित पोथ्या चाळू लागले.

ज्लाता म्हणाली, “होतं, महाराज. पण नाव घेतलं की ते जनावर दारात येईल, या धास्तीनं कोणी घेईना. मग जे खातं, त्यावरून बोलायचं. खरं नाव लोक पार विसरले.”

राजा हसला. “माझं नाव तरी घेतात ना गावात?”

“कोणाची छाती आहे, महाराज? तुम्हालाही मधावरूनच ओळखतात.”

शरमेनं राजाला तोंड झाकावंसं वाटलं. पण हात मधानं बरबटले होते.