फळीतला वारा

रंधे आणि करवती बोलत असत, तेव्हाची गोष्ट. कामाचं टेबल करायला दाजिबा सुतारांनी बांधकामाच्या ओल्या फळ्या आणल्या आणि मधे पट्ट्या घालून सावलीत वाळायला रचल्या. वरची फळी डोळे मिटून झाडपणीच्या वाऱ्यात झुलू लागली.

रंधा करवादला, “अहो दाजिबा, ही वाकडी होतेय! आजच सरळ करतो.”

“आज सरळ केलीस, तर उद्या टेबलच डुलायला लागेल. तिचा वारा संपू दे.”

उन्हाळा सरला. एका सकाळी फळीला जाग आली, पण वारा काही आठवेना. मग रंधा फिरला, टेबल उभं राहिलं.

पुढे त्यावर कुणी ओली फळी आणून ठेवली. टेबलाला तिच्यातला वारा ओळखीचा वाटला. रंध्यानं पातं आत घेतलं आणि हळूच म्हणाला, “झोप बाई, मला घाई नाही.”