चाकातलं पाणी

घाटाखालच्या एका गावात हैबती नावाचा शेतकरी राहत होता. तिथली सगळी जमीन उतरणीची. म्हणून ट्रॅक्टरच्या मागच्या मोठ्या चाकांत हवेबरोबर पाणीही भरत. पाण्याने चाके जड होतात, वजन खाली राहते आणि उतारावर ट्रॅक्टर सहसा कलंडत नाही.

एका वर्षी जत्रेत पंचक्रोशीतल्या ट्रॅक्टरांची शर्यत ठरली. हैबतीला जिंकण्याची फार हौस. त्याने कुणाला न सांगता चाकांतले पाणी सोडून दिले, नुसती हवा भरली आणि पहिला आला. एवढ्या जड चाकांनिशी गडी जिंकला, म्हणून गावाने त्याला फेटा बांधला. पाणी पुन्हा भरायचे मात्र आज-उद्या करता करता राहून गेले.

चौथ्या दिवशी शेजारचा येसबा आला. लहानपणापासूनचा सोबती.

"हैबती, वरच्या पट्टीची नांगरट राहिलीय. ट्रॅक्टर देतोस का?"

"ने की."

येसबा सीटवर चढला. चावी फिरवण्याआधी त्याने सहज विचारले, "चाकात पाणी हाय न्हवं?"

हैबतीच्या मनात आले, नाही म्हणावे, तर शर्यत कशी जिंकली हे गावभर होणार.

"हाय की," तो म्हणाला.

ट्रॅक्टर चढणीला लागला. हाक मारावी म्हणून हैबती एकदा उठलाही. मग एवढ्याने काय होतंय, असे म्हणून पुन्हा ओट्यावर बसला.

दुपारी वरून आरडाओरडा ऐकू आला. बांधाच्या कडेला वळताना ट्रॅक्टर उलटला होता. माणसांनी येसबाला ओढून काढले. जीव वाचला, पण उजवा पाय गुडघ्यापासून कापावा लागला.

हैबती दवाखान्यात गेला. त्याला पाहताच येसबाच्या डोळ्यांत पाणी आले. "तुझ्या ट्रॅक्टरचं वाटोळं केलं रे मी. वळण आखूड घेतलं. माफ कर."

खरे काय ते हैबतीशिवाय कुणालाच ठाऊक नव्हते. गप्प राहिला असता, तर ते कधी कळलेही नसते. पण येसबाचे जोडलेले हात हैबतीला बघवेनात.

"येसबा, तुझं काही चुकलं नाही. चाकात पाणी नव्हतं. मला ठाऊक होतं."

येसबाने जोडलेले हात खाली घेतले. मग हळूच म्हणाला, "तवाच सांगितलं असतंस, तर मी बैलं जुंपली असती."

हैबतीने ट्रॅक्टर दुरुस्त करून चाकांत पाणी भरले. गावात स्वतःच्या तोंडाने सगळे सांगितले. त्यानंतर दरसाल तो आपल्या शेताआधी येसबाचे शेत नांगरून देई. येसबाही त्याला ओसरीवर बसवून चहा देई. पण पुन्हा कधी त्याने हैबतीला कोणतीही गोष्ट विचारली नाही.

तात्पर्य: आपली चूक विचारताक्षणीच सांगावी; उशिरा दिलेल्या कबुलीने आपले मन हलके होते, पण दुसऱ्याचे गेलेले परत येत नाही.