जेनीचा फ्रॉक

“ही पोरगी खाली का बघते?” फादर इनासांनी चित्रावर बोट ठेवून विचारलं.

रेजिना डाबरेला प्रश्न रुचला नाही. मुलांसाठी नाताळचं चित्रपुस्तक करण्यात तिचं अख्खं वर्ष गेलं होतं. लहानपणी ज्यांनी तिच्या हातात ब्रश दिला, त्या वसईच्या म्हाताऱ्या फादरांकडे ती आज शाबासकी घ्यायला आली होती.

आधीची पानं उलटताना ते गालातल्या गालात हसलेही होते. नेवऱ्या-करंज्यांच्या परातीत चोरून हात घालणारी लीना. गोठ्याच्या देखाव्यासाठी आणलेलं गवत घरभर सांडणारी लीना. नवे फ्रॉक अंगाला लावून आरशापुढे नाचणारी लीना.

शेवटच्या पानावर मात्र त्यांचं बोट थांबलं. तिथे लीना आपला एक नवा फ्रॉक शेजारच्या गरीब जेनीला देत होती. जेनीचे हात जोडलेले, नजर जमिनीकडे.

“तिला उपकाराची जाणीव आहे, फादर. दयाळूपणावरचं पुस्तक आहे ना.”

“हं… चेहरा कोणाचा काढलास?”

“कोणाचा नाही. मनानंच काढला.”

फादरांनी पान तिच्यासमोर सरकवलं.

जेनीची ती झुकलेली मान पाहता पाहता रेजिनाला एक नाताळ आठवला. वडील अंथरुणाला खिळले होते, त्या वर्षीचा. मिस्सेची प्रार्थना संपल्यावर देवळाच्या अंगणात, सगळ्यांदेखत, शेजारच्या बाईंनी तिला फ्रॉक दिला होता. “थँक यू म्हण,” आई कुजबुजली होती. चपलांकडे बघत ती म्हणालीही होती. मग फ्रॉक मळेल या धास्तीने ती दिवसभर खेळायलाच गेली नाही.

“चेहरा माझाच आहे, फादर,” ती हळूच म्हणाली.

फादरांनी टेबलावरची बशी पुढे सरकवली. बशीत एक नेवरी होती.

“घे, बाय.”

“थँक यू, फादर.”

तिने ती हातात धरली. फादर समोरून बघत होते. तिला खाता येईना.

फादर काठी टेकत उठले. खिडकीशी गेले आणि तिच्याकडे पाठ करून उभे राहिले.

कितीतरी वेळ…

नेवरी कधी संपली ते रेजिनाला कळलंच नाही. तिने ओठांवरचं सारण पुसलं, पिशवीतून कागद आणि रंग काढले, आणि तिथेच जमिनीवर फतकल मारून बसली.

नव्या पानावर लीना पाठमोरी होती, झोक्याकडे धावत सुटलेली. जेनी अंगणात गिरक्या घेत होती. कोपर मातीने माखलेलं, केस विस्कटलेले, तोंड आभाळाकडे. लीनाने दिलेल्या फ्रॉकच्या घेरावर रेजिनाने मातीचा चांगला मोठा डाग काढला. काढता काढता ती स्वतःशीच हसली.

पानाखाली ओळ लिहायला तिने ब्रश उचलला, आणि परत ठेवून दिला.

रंग अजून ओला होता. फादर जवळ आले, वाकून पाहू लागले.

“ही आभार मानायला विसरली वाटतं?”

“साफ विसरली, फादर.”

फादरांनी खुर्चीत अंग टाकलं.

“मग फ्रॉक तिला खरा पोहोचला.”