छपराखालची नाव

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका. नदीला पूल बांधायचं अजून कुणाला सुचलं नव्हतं, एवढं समजा. आणि आधीच सांगून ठेवतो, ही गोष्ट सांगताना माझं डोकं तापतं. तुमचंही तापलं तर बरंच होईल.

एका राज्यात नदीकाठी एक गाव होतं. नदी अशी, की पलीकडची हाक ऐकू यावी, पण पोहून जायला गेलात तर धार ओढून न्यायची. त्या राज्याचा राजा दूर मुलखी निघाला. जाताना त्यानं गावाला एक नवीकोरी सागवानी नाव दिली आणि गावच्या तरण्या नावाड्याच्या हाती वल्हं ठेवलं.

"मी परत येईन," राजा म्हणाला. "कधी, ते सांगत नाही. पलीकडच्या काठावरून हाक मारीन, तेव्हा मला न्यायला ये. आणि तोवर जो कुणी हाक मारील, त्याला पार करत जा."

"शब्द दिला, महाराज," नावाडी म्हणाला.

पहिली काही वर्षं नाव रोज चालली. शेळ्या, गवताचे भारे, माहेरी निघालेल्या सुना, अंगावर जखमा असलेले भिकारी, सगळे त्या नावेत बसले. नाव रापली, कडा झिजल्या, तळाला चिखल सुकून राहिला. चालत्या नावेचं असंच होतं.

पण गावच्या पाटलाला ते बघवेना. "या घाणीत आपण राजाला बसवणार? उद्या तो आला तर तोंड कुठे लपवायचं?" गावाला पटलं. असल्या गोष्टी गावाला लगेच पटतात. नाव ओढून काठावर घेतली, तासली, रंगवली, कडेनं पितळी फुलं ठोकली. तिच्यावर कौलारू छप्पर घातलं. दर रविवारी सगळे तिथे जमायचे, नावेला हार घालायचे आणि राजाच्या परत येण्याची गाणी गायचे. गाणी सुरेख होती हो, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

नावाड्याच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. तो तडक पाटलाच्या ओसरीवर गेला.

"पाटील, नाव पाण्यातच नांदते. लाकूड ओलं असलं की फळ्या फुगून एकमेकींना धरून राहतात. तुम्ही ती कोरडी ठेवलीत. आता फळ्या आक्रसतील, सांधे उघडतील, आणि वर्षभरात तिची चाळणी होईल."

"तुझं राजावर प्रेम आहे ना?" पाटलानं विचारलं.

"त्याचा इथे काय संबंध?"

"मग त्याची वस्तू जप की, बाबा." ओसरीवरची माणसं हसली. नावाडी पाय आपटत घरी आला.

तेव्हापासून त्याचा नेमच झाला. सकाळी चावडीसमोर उभं राहून तो गावाला झोडपून काढायचा. ढोंगी म्हणायचा, आंधळे म्हणायचा. त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. लोकांनाही सवय झाली. "आज जरा लवकर सुरू झालं," म्हणत ते आपापल्या कामाला लागायचे. दुपारी नावाडी घरी जाऊन पोटभर जेवायचा. रविवारी तोही छपरात यायचा, मागे हाताची घडी घालून धुमसत उभा राहायचा.

एकदा पलीकडून एका बाईच्या हाका आल्या. तिच्या कडेवर तापानं फणफणलेलं मूल होतं, आणि वैद्य अलीकडच्या काठाला. नावाडी पाटलाकडे धावला.

"नाव काढू द्या, पाटील. पोर जाईल हातचं."

"राजाच्या नावेत तापाचं पोर? अरे, राजा आजच आला तर?"

मग काय भांडण जुंपलं म्हणता! नावाडी ओरडून ओरडून थकला, त्याचा घसा बसला. पाटील तसूभरही हलला नाही. भांडण संपलं तोवर हाका थांबल्या होत्या आणि पलीकडे कुणी नव्हतं. त्या दिवशी नावाड्यानं पाटलाला साऱ्या गावादेखत निर्दय म्हटलं. पाटील होताच निर्दय, मीही म्हणतो.

वर्षं गेली. नावाड्याचे केस पिकले. राग काही पिकला नाही.

आणि एके दिवशी, गाव दुपारचं जेवायला बसलेलं असताना, पलीकडून हाक आली. आवाज ओळखायला कुणाला क्षणही लागला नाही. राजा एकटाच उभा होता, पायी चालत आलेला, धुळीनं माखलेला.

गाव उष्ट्या हातानं धावलं. नाव ओढून पाण्यात लोटली. पाटील फेटा सावरत पुढे बसला, नावाड्यानं वल्हं धरलं. चार हात गेले असतील नसतील, तोच फळ्याफळ्यांमधून पाणी आत यायला लागलं. बघता बघता नाव तळाला बसली. पाटील छातीभर पाण्यात उभा राहिला, नावेवरचा हार त्याच्याभोवती तरंगत होता.

नावाडी धडपडत उभा राहिला आणि ओरडला, "महाराज, मी यांना सांगत होतो. रोज सांगत होतो. घात यांनी केलाय. विचारा यांना."

"त्यांना विचारीनच," राजा म्हणाला. त्याच्या आवाजात राग होता, आणि तो ऐकून नावाड्याला आपला जन्मभराचा राग पोरकट वाटला. "आधी तू सांग. वल्हं मी कुणाच्या हाती दिलं होतं?"

"माझ्या."

"नावेला कुलूप होतं?"

"नव्हतं, महाराज."

"नाव पाण्यात लोटायला किती माणसं लागतात?"

नावाड्याची मान खाली गेली. "खाली ओंडके घातले तर... एकटाही लोटेल."

"ती बाई हाका मारत होती तेव्हा तू काय करत होतास?"

"पाटलाशी भांडत होतो."

"ती मला वाटेत भेटली," राजा म्हणाला. "कडेवरचं ते मूल तिला त्याच रात्री पुरावं लागलं."

नावाड्यानं हातातलं वल्हं पाण्यात सोडून दिलं.

"तुझा राग खरा होता," राजा म्हणाला, "पण त्यात बसून मला नदी ओलांडता येत नाही."

मग तो वळला आणि काठाकाठानं खालच्या अंगाला चालू लागला. ज्या गावाची नाव पाण्यात असेल, त्या गावात तो उतरणार होता. नावाडी तिथेच पाण्यात उभा राहिला. ओरडावं असं आता त्याच्यासमोर कुणी उरलं नव्हतं.

तेव्हा लेकरांनो, आणि लेकरांच्या आईबापांनो, तुम्हीसुद्धा ऐका: प्रभूच्या येण्याची तयारी म्हणजे त्यानं सोपवलेलं काम आजच्या आज करणं, आणि जो ते करत नाही तो ढोंगी असो की ढोंग्यांवर चिडणारा, दोघंही काठावरच राहतात.