यसाईचा परळ

फार फार वर्षांपूर्वी, बोरखडीचा ओढा पहिल्यांदा आटला त्या उन्हाळ्यात, कुंभारवाड्यात यसू नावाची सून होती. चाक बंद, भट्टी गार. माती मळायला पाणी नाही, तर गाडगं कुठून होणार? प्यायला म्हणून माणशी एक तांब्या मिळायचा, तोही झऱ्यावर ताटकळून.

एकदा झऱ्याच्या वाटेवर तिला शिकारी भेटला. काठीला हातभर घोरपड लटकलेली, तिचंच शेपूट तिच्या गळ्याला आवळलेलं. यसूनं घरातला शेवटचा नवा रांजण देऊन ती सोडवली. सासू म्हणाली, रांजण देऊन पाल आणली, शहाणी गं माझी.

घोरपड उरली होती नावापुरती. डोळे खोल गेलेले, कातडी ढिली, बोटांवर जुनी कात तशीच चिकटलेली. गाव बघायला लोटलं. नागोबाला दूध, तर हिलाही दूध, असं म्हणत बायांनी तिच्या तोंडात शेळीचं दूध ओतलं. तिनं ते ओकलं आणि मान टाकली, धाप तेवढी उरली.

यसूनं सगळ्यांना बाहेर काढलं. मातीचा पसरट परळ घेतला, आपल्या तांब्यातलं पाणी त्यात ओतून उन्हात कोमट केलं आणि पोट भिजेल, नाक वर राहील अशी तिला बसवली. रोज तेच. स्वतः नुसते ओठ ओले करून राहायची, असं म्हणतात.

सासूनं तिला दारात अडवलं. "माणसांच्या घशाला कोरड, आणि तू हिला न्हाऊ घालतेस?"

"माझाच तांब्या हाय, आत्याबाई. तुमच्यातला घोट मागते का मी?"

"मग तू काय पिशील?"

यसूनं तांब्या परळात उपडा केला.

घोरपड पाण्यात बसायची, पण पीत नव्हती. यसू समोर टक लावून बसलेली. मग तिच्या ध्यानात आलं, नव्या सुनेलाही सगळी बघत असली की घास गिळत नाही. तिनं पाठ फिरवली. मागं जिभेचा चुळुकचुळुक आवाज आला. यसूच्या डोळ्यांना धार लागली, पण तिनं वळून पाहिलं नाही.

त्या दिवसापासून परळ आटेना, असं म्हणतात. घोरपड प्यायची, चिमण्या प्यायच्या, शेळ्या प्यायच्या, वर सगळा कुंभारवाडा घागरी भरून न्यायचा. अट एकच, पाणी घेतलं की मागं वळून बघायचं नाही. माती मळली गेली, चाक फिरलं. घोरपडीनं कात टाकली, अंगानं भरली आणि एका सकाळी ओढ्याच्या दरडीत निघून गेली.

त्याच दिवशी सासूला राहवलं नाही. घागर भरून निघताना ती वळली. परळाचा कोरडा तळ दिसला. म्हातारी रडायला लागली, तर यसू म्हणाली, "असू द्या, आत्याबाई. जिचं होतं ती पिऊन गेली."

बोरखडीत अजून भट्टीतला पहिला परळ कुणी विकत नाही. चैत्रात नवी सून तो भरून दरडीखाली ठेवते, यसाईचं नाव घेते आणि मागं न बघता घरी येते. उंबऱ्यात सासू तांब्या घेऊन उभी असते. तो सुनेच्या हातात देते, आणि ती पोटभर पिऊन होईस्तोवर तोंड फिरवून बसते.